विहिरीतला मिठाचा कण

एक विहीर घेऊ. मळ्यात असते तशी, गोल, दगडी बांधाची, वीस फूट रुंद. यंदा पाऊस बरा झालाय, पाणी सतरा फूट उभं आहे. म्हणजे झालं साधारण दीड लाख लिटर. आता स्वयंपाकघरातून बारीक मिठाचा एक कण आणू. चिमूट नव्हे, कण. ओल्या बोटाला चिकटतो आणि उजेडात धरला तरच दिसतो, तेवढा. तो विहिरीत टाकू आणि चांगलं ढवळू. एक दिवस जाऊ दे. मग त्या पाण्यातलं चमचाभर पाणी कुणाच्या तरी हातावर ठेवू आणि विचारू, सांगा पाहू, विहिरीत मिठाचा एक कण पडलाय की दीड?

हे सांगता येतं! आज, आत्ता, प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवलेली यंत्रं हे सांगतात. विहिरीच्या जागी माणसाचं रक्त असतं, मिठाच्या जागी पी-टाऊ २१७ नावाच्या प्रथिनाचे रेणू. आणि एक कण की दीड या प्रश्नाचा खरा अर्थ असतो, या माणसाच्या मेंदूत अल्झायमर शिरलाय की नाही?

नेमके आकडेच सांगते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, तीन ठिकाणच्या ७८६ लोकांच्या रक्तावरून, दोन रेषा आखल्या गेल्या. एक मिलिलिटर रक्तद्रवात पी-टाऊ २१७ हे ०.४० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर मेंदूत अल्झायमरच्या खुणा नसाव्यात. ०.६३ च्या वर असेल तर त्या बहुधा आहेतच. मधल्यांना आणखी तपासण्या. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक. त्याचाही अर्ध्याहून कमी भाग, आणि त्यावर माणसाचं पुढलं आयुष्य!

पिकोग्रॅम म्हटलं की डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. म्हणून रुपयांत बोलू. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटी रुपयांचा होता. त्यात रस्ते आले, शाळा आल्या, धरणं आली, सगळे पगार आणि सगळ्या पेन्शनी आल्या. त्या सगळ्या रकमेत आपलं प्रथिन किती? दोन रुपये ऐंशी पैसे. साऱ्या राज्याच्या हिशेबाच्या वह्या उलगडायच्या आणि त्यातले दोन रुपये ऐंशी पैसे शोधायचे. नुसते शोधून भागत नाही. ते दोन ऐंशी आहेत की चार चाळीस, हेही सांगायचं.

पाण्यात मोजू. खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी. अख्ख्या पुण्याची तहान ज्याच्याकडे बघते, ते हे धरण. ते काठोकाठ भरलं की त्यात साखर टाकायची बावीस ग्रॅम, चहाचे पाच-सहा चमचे. झालं तेवढंच प्रमाण. आणि कोयना? शिवसागर जलाशय, १०५ टीएमसी, नजर पोचणार नाही एवढं पाणी. त्यात जवळजवळ सव्वा किलो साखर. किराणा दुकानातली एक पुडी. ती कोयनेत ओतायची, आणि हेळवाकच्या पुलाखालून ओंजळभर पाणी उचलून म्हणायचं, हो, साखर आहे!

आता रक्ताच्या नळीपाशी येऊ, कारण हे सगळं एका नळीत मावतं.

२०१६ ची गोष्ट. आई तेव्हा चौऱ्याहत्तरची. त्या उन्हाळ्यात एकदा आमटीत तिने तीनदा मीठ घातलं. पहिल्यांदा फोडणीनंतर, मग चिंचेचा कोळ घातल्यावर, मग ताटं वाढायला घेताना. प्रत्येक वेळी डब्याचं झाकण उघडायच्या आधी मला विचारलं, ‘मीठ घातलंय का गं?’ आणि उत्तर ऐकायच्या आत घातलं. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. सकाळी सात वाजता लॅबचा मुलगा घरी आला, दंडाला पट्टा बांधला, म्हणाला, ‘मावशी, मूठ घट्ट धरा.’ आईने धरली. सुई टोचली, जांभळ्या टोपणाची नळी भरली, पट्टा सुटला. ‘सोडा आता मूठ.’ ती तशीच धरून बसली. मी एकेक बोट उघडलं.

पाच मिलिलिटर रक्त. चहाचा एक चमचा. एवढ्याशा रक्तात काय असतं, बघाच. तांबड्या पेशी असतात अडीच हजार कोटी. एकेक पेशी साडेसात मायक्रॉन रुंद, म्हणजे १३३ पेशी शेजारी शेजारी मांडल्या तर एक मिलिमीटर भरतो. आता त्या नळीतल्या सगळ्या पेशी एका ओळीत मांडू. सीएसएमटीच्या फलाटापासून सुरुवात करू. दादर गेलं. ठाणे गेलं. कल्याण, कर्जत गेलं. ओळ घाट चढतेय, बोगद्यातून जातेय, लोणावळा मागे पडलं, तळेगाव, चिंचवड... आणि ओळ संपते १८७ किलोमीटरवर, खडकीपाशी! सीएसएमटी ते पुणे लोहमार्गाने १९२ किलोमीटर. एक चमचा रक्त, आणि पुणं पाच किलोमीटर उरलं!

पण गंमत अशी की या तांबड्या पेशींशी आपल्याला काही कर्तव्यच नाही. नळी गरगर फिरवली की त्या तळाशी बसतात आणि वर उरतो पिवळसर रक्तद्रव, तीन मिलिलिटर. खरी गर्दी या पिवळ्या पाण्यात असते.

या गर्दीतलं सगळ्यात मोठं घराणं अल्ब्युमिनचं. एका मिलिलिटरमध्ये ते चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास असतं. रेणू मोजले तर आकडा येतो ३६ आणि त्यापुढे सोळा शून्यं. लाख आणि कोटी इथे थकतात. पण आपल्याकडे आणखी शब्द आहेत! भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला ‘लीलावती’त संख्यांची नावं दिली. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. एकावर सतरा शून्यं म्हणजे परार्ध. त्यापुढे ‘लीलावती’त नाव नाही.  ‘लीलावती’पासूनच्या पावणेनऊशे वर्षांत तो शेवटचा शब्द खरोखरच्या एखाद्या वस्तूसाठी आपल्यापैकी कितीजणांनी वापरला असेल? आज वापरू या. एक मिलिलिटर रक्तद्रवात अल्ब्युमिनचे रेणू साडेतीन परार्धांहून जास्त. बोटाच्या पेरावर मावेल एवढं पाणी, आणि ‘लीलावती’च्या यादीचा शेवटचा शब्दसुद्धा त्याला साडेतीन वेळा लागला!

आणि त्याच मिलिलिटरमध्ये पी-टाऊ २१७? अख्ख्या टाऊ प्रथिनाचं वजन धरून हिशेब केला तर पन्नास लाखांच्या आसपास रेणू. ऐकायला पन्नास लाख खूप वाटतात. पण भागाकार करा. एका पी-टाऊ रेणूमागे अल्ब्युमिनचे सात हजार कोटी. पृथ्वीवर माणसं आठशे कोटींच्या वर. म्हणजे अशा जवळजवळ नऊ पृथ्व्या माणसांनी भरायच्या, सगळ्यांना एकाच मैदानात उभं करायचं आणि त्यातला एक चेहरा ओळखायचा. पंढरीच्या वारीत चुकलेलं पोर आई शोधते तेव्हा तिच्यापुढे काही लाख लोक असतात. इथे सात हजार कोटी आहेत, आणि तरी पोर सापडतं!

बरं, तो चेहरा तरी वेगळा आहे का? टाऊ हे प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांबलचक माळ. मेंदूतल्या त्याच्या सगळ्यात लांब रूपात ४४१ मणी असतात. मणी कशाला, डबे म्हणू. ४४१ डब्यांची एक रेल्वेगाडी. आपली चोवीस डब्यांची एक्स्प्रेस म्हणजे लांब गाडी, अशा अठरा गाड्या एकामागे एक जोडल्या तरी ४४१ डबे पुरे होत नाहीत, नऊ कमी पडतात. ही गाडी सीएसएमटीला इंजिन टेकवून उभी केली, तर तिचं शेपूट मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, परळ, दादर ओलांडून माटुंग्याला! आणि २१७ वा डबा? तो बरोबर चिंचपोकळीला. त्या एका डब्याच्या दाराला एक छोटीशी कडी लावलीय, फॉस्फेटची. इतर डब्यांनाही कड्या लागू शकतात, १८१ व्याला लागते, २३१ व्याला लागते. पण यंत्राने विचारायचं ते एवढंच. चिंचपोकळीला उभ्या असलेल्या डब्याला कडी आहे का? पूर्ण रेणूच्या वजनात त्या कडीचा वाटा पाचशेत एकाहून थोडा कमी. शिवाय रक्तात अख्खी गाडी बहुतेक येतच नाही, तुटलेले डबे वाहत येतात. त्या मोडतोडीतून हा एक डबा हुडकायचा.

हुडकतात कसे? इथे मला विहिरींकडे परत जावं लागेल. खरोखरच्या विहिरींकडे, कारण यंत्रातल्या त्या खळग्यांना सगळे विहिरीच म्हणतात.

अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड वॉल्ट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून ही कल्पना निघाली, आणि २०१० मध्ये तिचा शोधनिबंध आला. तीन मिलिमीटर बाय चार मिलिमीटरचा एक तुकडा घ्यायचा, साधारण तुरीच्या दाण्याएवढी जागा. त्यात दोन लाखांहून जास्त विहिरी खोदायच्या. एकेक विहीर साडेचार मायक्रॉन रुंद, सव्वातीन मायक्रॉन खोल. एका विहिरीत पाणी किती मावतं? नळातून टपकलेल्या एका थेंबात अशा शंभर कोटी विहिरी भरतील! एक थेंब, शंभर कोटी विहिरी. देशातल्या दर दहा माणसांतल्या सातजणांना स्वतःची एक विहीर.

हे डोळ्यांसमोर आणायचं तर सगळं फुगवू. एकेक विहीर आपल्या मळ्यातल्या विहिरीएवढी करू, वीस फूट रुंद. मग तुरीच्या दाण्याएवढा तो तुकडा होईल चार किलोमीटर रुंद आणि साडेपाच किलोमीटर लांब. एवढ्या शिवारात नुसत्या विहिरी, एकीला एक लागून, दोन लाख, चौदा-चौदा फूट खोल. प्रत्येकीत एक गोळा बसतो, बारा फुटी. त्या गोळ्यावर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात, म्हणजे नेमकी ती कडीच पकडणारे चिमटे. या फुगवलेल्या जगात एकेक चिमटा बोराएवढा. आणि या बोराएवढ्या चिमट्याने, दोन लाख विहिरींच्या शिवारात, तो एक डबा धरला की दुसरं एक प्रतिपिंड त्यावर दिवा लावतं. दिवा म्हणजे एक विकर. तो भोवतालच्या द्रवाला उजळवत राहतो.

मोठ्या भांड्यात हा उजेड विरून गेला असता. मंदिरातली समई समुद्रावर ठेवल्यासारखा. म्हणून तर विहीर इतकी लहान. नेहमीच्या चाचणीत जेवढा द्रव असतो, त्याच्या दोनशे कोटीव्या भागात तोच उजेड कोंडला जातो, आणि मग एकट्या रेणूचा दिवासुद्धा कॅमेऱ्याला दिसतो. मग उरतं ते फक्त मोजणं. ही विहीर उजळली, ही काळोखी. ही काळोखी, ही उजळली. एक, शून्य, शून्य, एक. दिवाळीत टेकडीवर चढून गाव बघावं, तसं यंत्र वरून बघतं आणि पणत्या मोजतं. मला या साऱ्या प्रकरणात हा भाग सगळ्यात आवडतो. सगळा उजेड एकत्र मापणं सोडलं आणि पणत्या मोजायला घेतल्या, तेव्हा हे जमलं.

पण मुळात हे प्रथिन रक्तात येतं कुठून? वरून. दीड किलोहून थोडा कमी वजनाचा मेंदू, त्यात ८,६०० कोटी चेतापेशी. सेकंदाला एक याप्रमाणे, न झोपता, न जेवता मोजायला बसलं तर सव्वासत्तावीसशे वर्षं लागतील. शिवरायांच्या काळी बसलेला माणूस आज जेमतेम सातवा हिस्सा मोजून झालेला असता. सातवाहनांच्या काळी बसलेल्याचंही अजून संपलं नसतं. या मेंदूभोवतीचा द्रव जेमतेम दीडशे मिलिलिटर, पण तो रोज नव्याने तयार होतो, अर्धा लिटर, दुधाची एक पिशवी. जुना द्रव रक्तात झिरपत जातो आणि मेंदूतला बारीकसारीक कचरा सोबत घेऊन येतो. टाऊचे तुटके डबे या वाटेने खाली उतरतात.

टाऊवर अशा कड्या वाढू लागतात, त्याच्या आधी मेंदूत दुसरं एक प्रथिन, अ‍ॅमिलॉइड साठायला लागतं. आणि हा साठण्याचा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. २०१७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात मेंदूतलं अ‍ॅमिलॉइड चक्क मोजलेलं आहे. निरोगी वृद्धाच्या मेंदूत सुमारे १.७ मिलिग्रॅम. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत ६.५ मिलिग्रॅम. जास्तीचं किती? पाच मिलिग्रॅमच्या आत. तांदळाच्या एका दाण्याचा चौथा भाग! आणि तेवढं साठायला एकोणीस वर्षं लागतात, तासाला अठ्ठावीस नॅनोग्रॅम या वेगाने.

तासाला अठ्ठावीस नॅनोग्रॅम म्हणजे आपल्या मिठाच्या हिशेबात काय? तीन महिन्यांत एक कण. दिवाळीला एक कण. संक्रांत उलटून गेल्यावर एक. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक. गणपतीच्या आधी एक. वर्षाला चार, एकोणीस वर्षांत अठ्ठ्याहत्तर कण. अठ्ठ्याहत्तर कणांची चिमूटसुद्धा होत नाही. आईने आमटीत तिसऱ्यांदा मीठ घातलं, त्या चमच्यात हजारो होते. तिच्या डोक्यात एकोणीस वर्षांत पडले ते अठ्ठ्याहत्तर. पहिला कण पडला असेल तेव्हा १९९७ असावं. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि आईला गल्लीतल्या प्रत्येकाचा वाढदिवस तोंडपाठ होता.

हे अठ्ठ्याहत्तर कण बघायला माणसाला किती वर्षं लागली! १९०६ च्या ३ नोव्हेंबरला जर्मनीत ट्युबिंगन इथे अलॉइस अल्झायमर यांनी आपल्या रुग्णाची, ऑगस्टे डेटरची हकिगत सांगितली, तेव्हा त्या बाई वारल्या होत्या आणि त्यांच्या मेंदूच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली होत्या. त्यानंतर जिवंत माणसाच्या मेंदूतलं अ‍ॅमिलॉइड पेट स्कॅनमध्ये पहिल्यांदा दिसायला जवळजवळ शतक गेलं. एकविसावं शतक उजाडलं. त्या स्कॅनमध्ये आज बहुधा वापरतात ते किरणोत्सारी द्रव्य ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे मुंबईत बनवून डेक्कन क्वीनने पाठवलं तर पुण्यात पोचेपर्यंत तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी उरेल. दुसरा मार्ग पाठीच्या कण्यात सुई घालून द्रव काढण्याचा. आणि मग आली नळी. १६ मे २०२५ ला अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, एफडीएने, अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. पंचावन्न वर्षांवरच्या, विस्मरणाची लक्षणं असलेल्या लोकांसाठी. तिच्यात पी-टाऊ २१७ आणि अ‍ॅमिलॉइड १-४२ यांचं गुणोत्तर बघतात. ४९९ नमुन्यांवर पडताळणी झाली. ज्यांची चाचणी ‘आहे’ म्हणाली, त्यांच्यापैकी ९१.७ टक्के लोकांच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइड खरंच होतं. ज्यांची ‘नाही’ म्हणाली, त्यांच्यापैकी ९७.३ टक्के लोकांच्या मेंदूत खरंच नव्हतं. पाचातल्या एकाहून कमी लोकांना ‘सांगता येत नाही’ असं उत्तर आलं.

आणि स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२४ चा आकडा तर पाठ करून ठेवावा असा आहे. १,२१३ रुग्ण. हा अल्झायमर आहे की नाही, हे नेहमीच्या पद्धतीने तपासून सांगायला प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांचं शंभरात ६१ वेळा बरोबर आलं. स्मृतिभ्रंशाच्या तज्ज्ञांचं ७३ वेळा. रक्ताचं ९१ वेळा! आयुष्य या आजाराच्या अभ्यासात घालवलेल्या माणसांच्या हातून शंभरातले सत्तावीस निसटतात, आणि चमचाभर रक्तातून नऊच निसटतात.

हे वाचून उद्या कुणी उठून हौसेने चाचणी करायला धावू नये. मूत्रपिंडं कमजोर असतील तर हा आकडा उगाच चढतो. आणि एक विलक्षण गोष्ट, नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या रक्तात पी-टाऊ २१७ अल्झायमरच्या रुग्णांहूनही जास्त सापडलं आहे! तिथे ते आजाराचं नसतं, जुळणाऱ्या मेंदूचं असतं, आणि पुढे आपोआप उतरतं. आकडा तोच, एकीकडे घर बांधलं जातंय आणि एकीकडे पडतंय. म्हणून लक्षणं, वय आणि डॉक्टर हे तिन्ही सोबत लागतात.

पण ज्यांना लक्षणं आहेत, ती माणसं किती? भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंश असलेले सुमारे ८८ लाख. मुंबईच्या लोकलमध्ये संध्याकाळी माणसं कोंबली जातात तशी कोंबली, एका बारा डब्यांच्या गाडीत पाच हजार, तर गाड्या लागतील १,७६०. त्या गाड्या एकीला एक चिकटवून रुळावर उभ्या केल्या तर पहिली सीएसएमटीला आणि शेवटची सोलापूरला! साडेचारशे किलोमीटर नुसती लोकल, दारातसुद्धा माणसं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आपलं स्टेशन आठवत नाही. जगभरात २०२१ मध्ये ही संख्या पाच कोटी सत्तर लाख होती, आणि दर वर्षी जवळजवळ एक कोटींची भर पडते. तीन-सव्वातीन सेकंदांना एक माणूस. सकाळी पुण्याहून डेक्कन क्वीन सुटली आणि सीएसएमटीला पोचली, तेवढ्यात जगात साडेतीन हजारांहून जास्त माणसं या यादीत आली. गाडीत जेवढे प्रवासी, त्यांच्याहून जास्त. आणि सगळ्या रुग्णांपैकी साठ ते सत्तर टक्क्यांचा आजार एकच, अल्झायमर.

आता शेवटचा हिशेब. हा मी घरात बसून केला आणि मग खात्री करायला सोनाराकडे गेले.

माणसाच्या अंगात रक्त पाच लिटर धरू, त्यात रक्तद्रव तीन लिटर. मिलिलिटरला ०.४ पिकोग्रॅम. म्हणजे एका माणसाच्या सगळ्या रक्तातलं पी-टाऊ २१७ गोळा केलं तर १.२ नॅनोग्रॅम. कुठल्याच काट्याला कळणार नाही. एका वाडीतल्या दोनशे माणसांचं गोळा करू. कळणार नाही. तालुक्याचं करू, तीन लाख माणसांचं. मिठाच्या सहा कणांएवढं. फुंकर मारली तर उडून जाईल. अख्ख्या मुंबईचं करू, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, बदलापूर सगळं धरून. २०११ च्या जनगणनेत एक कोटी चौऱ्याऐंशी लाख माणसं, त्यांचं रक्त नऊ कोटी लिटर, दहा-दहा हजार लिटरचे नऊ हजार टँकर. त्यातून निघालं किती? बावीस मिलिग्रॅम. सोनाराकडे मी बासमतीचे शंभर दाणे मोजून नेले होते, काटा दोन ग्रॅमवर थांबला. म्हणजे नऊ हजार टँकरांतून निघाला तांदळाचा एक दाणा!

पुढे चला. महाराष्ट्र. चांद्यापासून बांद्यापर्यंत, त्याच जनगणनेतली सव्वाअकरा कोटी माणसं. १३५ मिलिग्रॅम. सोनाराने जुन्या डबीतून गुंज काढून काट्यावर ठेवली, लाल, काळ्या ठिपक्याची. गुंजेचं वजन १२१ मिलिग्रॅम धरतात. सारा महाराष्ट्र आणि त्याची ही एक गुंज! पुढे चला. भारत. एकशे चाळीस कोटी. चौदा गुंजा, पावणेदोन मासे, नाकातल्या नथीपुरतं. पुढे चला, थांबू नका. सगळी पृथ्वी. चीन, आफ्रिका, अमेरिका, सगळी बेटं, सगळी शहरं, सगळे वाळवंटातले तंबू. आठशे कोटींहून जास्त माणसं, त्यांच्या शिरांमधून वाहणारं चार हजार कोटी लिटर रक्त. ते सगळं गाळून, प्रत्येक गाडीचा चिंचपोकळीला उभा असलेला तो कडी लावलेला डबा वेचून काढला, आणि सगळे डबे एका पारड्यात ठेवले.

जवळजवळ दहा ग्रॅम. सोनाराने दुसऱ्या पारड्यात वजन ठेवलं आणि म्हणाला, ‘आजचा एक तोळा.’

साऱ्या मानवजातीचा मिळून एक तोळा. आई आता चौऱ्याऐंशीची आहे, तिच्या मिलिलिटरला मी एक पिकोग्रॅम धरला. त्या तोळ्यातले तीन नॅनोग्रॅम तिचे.